डब्ल्यूजी चढावर दम टाकतं: वाफेच्या मालगाडी इंजिनांचा ओपन रेल्समधला नेहमीचा बिघाड

ओपन रेल्स या रेल्वे चालवण्याच्या संगणकीय खेळात ही तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. डब्ल्यूजी या वाफेच्या मालगाडी इंजिनाला पंधरा-अठरा भरलेल्या वाघिणी जोडल्या, गाडी स्टेशनातून झोकात निघाली, सपाटीवर वेगही धरला; पण चढ लागला आणि सगळं बिनसलं. वेग तीस, वीस, दहा करत उतरतो, धुराड्याचे ठोके सुटे सुटे ऐकू येऊ लागतात आणि शेवटी गाडी बसते. मग कोणी रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरांकडे वाफ सोडणारी झडप, पूर्ण उघडून ठेवतो, कोणी निम्म्या वाघिणी काढतो, कोणी वैतागून मॉडेलच डिलीट करतो.

अशी बरीच इंजिनं मी आजवर उघडून पाहिली आहेत. उघडून म्हणजे त्यांच्या ईएनजी फाइली, ज्यांतून खेळ इंजिनाचे आकडे वाचतो. चालवणाऱ्याची चूक फार क्वचित सापडली. खोट असते ती फाइलमधल्या दोन-तीन आकड्यांत, आणि काहीही न बदलता पाच मिनिटांत ती पकडता येते. म्हणून कळकळीनं सांगतो, चालवण्याचा हात बदलण्याआधी आकडे वाचा.

उदाहरणाला डब्ल्यूजीच घेतो, कारण आपल्याकडच्या कोणत्याही ब्रॉडगेज रूटवर जुन्या काळची मालगाडी उभी करायची तर ते लागतंच. १९५० ते १९७० या काळात ही २४५० इंजिनं बांधली गेली. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली निघालेलं पहिलं इंजिन, ८४०१ नंबरचं ‘देशबंधू’, हे डब्ल्यूजीच. तिथूनच १९७० मध्ये निघालेलं ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन, १०५६० नंबरचं ‘अंतिम सितारा’, तेही डब्ल्यूजीच. तुमचं इंजिन दुसरं असलं तरी पद्धत हीच. फक्त आकडे त्या इंजिनाचे घ्या.

वाफ पडते की चाकं घसरतात?

‘इंजिन ओढत नाही’ या एका वाक्यात दोन वेगळे आजार दडलेले असतात. एकात बॉयलरचं प्रेशर हळूहळू पडत जातं आणि इंजिनाची ताकद संपते. दुसऱ्यात प्रेशर भरपूर असतं, पण चाकं जागच्या जागी गरगरतात. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला केला तर दुखणं वाढतं, म्हणून आधी हे ठरवा.

गाडी चढावर असताना एफ ५ दाबा. पडद्यावर आकड्यांचा तक्ता येईल. शिफ्ट धरून एफ ५ पुन्हा पुन्हा दाबलं की पानं उलटतात. इंजिनाच्या माहितीचं पान येईपर्यंत दाबत राहा. वाफेच्या इंजिनाचं हे पान चांगलंच भरगच्च असतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आपल्याला चारच गोष्टी हव्यात. वरच्या भागात इंजिनाचे मूळ आकडे दिसतात, त्यातलं कोळसा जळतो त्या जाळीचं क्षेत्रफळ, म्हणजे ग्रेट एरिया. मग बॉयलरचं प्रेशर. त्यानंतर बॉयलर किती वाफ बनवतोय आणि सिलिंडर किती खातायत. आणि खाली कामगिरीच्या ओळीत इंजिनाची जास्तीत जास्त ओढ, म्हणजे मॅक्स टीई. हे आकडे कागदावर उतरवा. गाडी बसायच्या आधी एकदा आणि बसल्यावर एकदा.

प्रेशर २१० वरून १५०, १२० असं घसरत असेल तर वाफेचा आजार. प्रेशर दोनशेच्या आसपास ठाम आहे आणि चाकं घसरल्याची सूचना झळकतेय, तर पकडीचा आजार. प्रेशरही ठाम, चाकंही घसरत नाहीत आणि तरी गाडी बसते, तर एक तर इंजिनाची ओढच फाइलमध्ये कमी लिहिली आहे, नाहीतर गाडी खरोखरच जड आहे.

मॅक्स टीई: पहिला साक्षीदार

खऱ्या डब्ल्यूजीचे आकडे असे. बॉयलरचं प्रेशर २१० पौंड, सिलिंडरचा व्यास २१.८७५ इंच, दट्ट्याची धाव २८ इंच, मोठ्या चाकाचा व्यास ६१.५ इंच. दोन सिलिंडरांच्या इंजिनाची ओढ काढायची रीत जुनीच आहे. व्यासाचा वर्ग घ्या, त्याला धावेनं गुणा, मोठ्या चाकाच्या व्यासानं भागा आणि आलेल्या संख्येला प्रेशरच्या ८५ टक्क्यांनी गुणा. २१.८७५ चा वर्ग साधारण ४७८.५. गुणिले २८, भागिले ६१.५, म्हणजे सुमारे २१८. त्याला १७८.५ नं गुणलं की ३८,८९० पौंडांच्या आसपास येतं. किलोन्यूटनमध्ये १७३, आणि आपल्या सवयीच्या भाषेत सुमारे साडेसतरा टन ओढ.

आता तुमच्या पडद्यावरचा आकडा बघा. ३८,८९० च्या जवळ असेल तर सिलिंडर, चाक आणि प्रेशर हे तिन्ही बरोबर आहेत, पुढे जा.

३०,६०० च्या जवळ असेल तर नेमकं काय झालंय ते मी न बघता सांगू शकतो. ती फाइल डब्ल्यूपीची आहे. डब्ल्यूपी हे पॅसेंजर-मेल गाड्यांचं इंजिन. त्याचा आणि डब्ल्यूजीचा बॉयलर एकच, प्रेशर तेच, दट्ट्याची धावही तीच. पण डब्ल्यूपीचा सिलिंडर २०.२५ इंचांचा आणि चाक ६७ इंचांचं. मॉडेल बनवणारा विचार करतो की बॉयलर एकच आहे, मग डब्ल्यूपीची फाइल उचलू, नाव बदलू, नवा आकार जोडू. चित्र डब्ल्यूजीचं दिसतं, आठ मोठी चाकं फिरताना दिसतात, पण आतून पळणारं इंजिन सहा चाकांचं आणि मेल गाडीचं असतं. ओढीत एक पंचमांशाहून जास्त तूट. सपाटीवर हे कळत नाही, चढावर लपत नाही.

ही चूक कानानंही पकडता येते. दोन सिलिंडरांचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके देतं. ६१.५ इंची चाकाचा घेर सुमारे ४.९ मीटर. ताशी १० किलोमीटरचा वेग एक मिनिट स्थिर ठेवा आणि ठोके मोजा. डब्ल्यूजीचे १३६ च्या आसपास यायला हवेत. १२५ च्या आसपास आले तर चाक डब्ल्यूपीचं आहे. मी स्टॉपवॉच लावून पंधरा सेकंदांचे मोजतो आणि चारनं गुणतो. ३४ की ३१, एवढाच फरक असतो, पण एकदा कान बसला की चुकत नाही.

दहा मिनिटं झकास, मग प्रेशर पडतच जातं

सर्वांत फसवा बिघाड हा. सोलापूरचा एक मुलगा आहे, मला काका म्हणतो. त्यानं लिहिलं, “काका, गाडी सुटताना प्रेशर २१०, मॅक्स टीई बरोबर, पहिले पाच-सात किलोमीटर काही त्रास नाही. मग काटा खाली यायला लागतो तो थांबतच नाही. फायरमन कोळसा टाकतोय, तरी.”

मी त्याला फक्त ग्रेट एरिया वाचून सांगायला सांगितलं. उत्तर आलं, ४.१८ चौरस फूट.

डब्ल्यूजीची जाळी ४५ चौरस फुटांची असते. ४५ चौरस फूट म्हणजे ४.१८ चौरस मीटर. त्यानं मेट्रिक तक्त्यातून आकडा घेतला होता, बरोबरच घेतला होता, फक्त त्यापुढे एकक लिहिलं नव्हतं. क्षेत्रफळापुढे एकक नसेल तर ओपन रेल्स तो आकडा चौरस फुटांत समजतं. म्हणजे खऱ्या इंजिनाच्या एक दशांशाहूनही लहान चुलीवर तो पंधराशे टनांची गाडी ओढत होता. पहिले काही किलोमीटर निभावले, कारण खेळ सुरू होताना बॉयलर भरलेला आणि तापलेला मिळतो. ती साठलेली उष्णता पुरेपर्यंत चुलीचा दोष दिसत नाही. ती संपली की उघडा पडतो. फायरमनला कितीही दोष दिला तरी तो बिचारा जाळीवर मावेल तेवढाच कोळसा जाळणार.

एककांचा हा सापळा प्रत्येक ओळीत वेगळा आहे, म्हणून नीट समजून घ्या. प्रेशरपुढे एकक नसेल तर पौंड प्रति चौरस इंच धरलं जातं. आपल्या जुन्या तक्त्यांत प्रेशर किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतं, डब्ल्यूजीचं साधारण १४.८. तेवढंच लिहिलं तर बॉयलर १४.८ पौंडांचा होतो आणि इंजिन जेमतेम स्वतःला हलवतं. लांबीचं उलटं आहे. सिलिंडरच्या व्यासापुढे किंवा धावेपुढे एकक नसेल तर मीटर धरले जातात. कोणी ५५६ मिलिमीटर मनात धरून नुसतं ५५६ लिहिलं की अर्धा किलोमीटर व्यासाचा सिलिंडर तयार होतो, मॅक्स टीई अफाट दिसतो आणि रेग्युलेटरला हात लावताच चाकं भिरभिरतात.

म्हणून माझा नियम साधा आहे. प्रत्येक आकड्याला चिकटून एकक लिहायचं. इंच तर इंच, चौरस फूट तर चौरस फूट. अपूर्णांक कधीच नाही, एकवीस पूर्णांक सात अष्टमांश हे २१.८७५ असंच दशांशात. आणि बदल केल्यावर खेळ सुरू करून पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचायचा, कारण फाइलमध्ये आपण काय लिहिलं यापेक्षा खेळानं काय वाचलं ते महत्त्वाचं.

याच पानावर आणखी एक गोष्ट तपासा. डब्ल्यूजी सुपरहीटेड इंजिन आहे, म्हणजे वाफ सिलिंडरात जाण्याआधी पुन्हा तापवली जाते. फाइलमध्ये बॉयलरचा प्रकार सॅच्युरेटेड, म्हणजे वाफ पुन्हा न तापवणारा, लिहिला असेल, किंवा सुपरहीटरच्या क्षेत्रफळाची ओळच नसेल, तर त्याच कामाला कितीतरी जास्त वाफ खर्च होते आणि प्रेशर पडतं. जाळी बरोबर असूनही वाफ पुरत नसेल तर नव्वद टक्के शंका इथे घ्या.

फाइल कशी दुरुस्त करावी

मूळ ईएनजी फाइलला हात लावू नका. मॉडेलच्या फोल्डरमध्ये ‘ओपन रेल्स’ नावाचं, म्हणजे इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिलेलं, उपफोल्डर करा. त्यात मूळ फाइलच्याच नावाची नवी ईएनजी फाइल ठेवा. पहिली ओळ कोरी सोडा. दुसऱ्या ओळीत इन्क्लूड आदेशानं एक पायरी वरची मूळ फाइल बोलवा. त्याखाली इंजिनाच्या कंसात फक्त बदललेल्या ओळी लिहा: सिलिंडर, चाकाची त्रिज्या, जाळी, बॉयलरचा प्रकार, मोठ्या चाकांवरचं वजन. खेळ आधी उपफोल्डरमधली फाइल उचलतो. काही बिघडलं तर उपफोल्डर उडवा, इंजिन पहिल्यासारखं.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक, पहिली ओळ कोरी ठेवायची राहते. दोन, नोटपॅड फाइलच्या नावामागे गुपचूप टीएक्सटी जोडतो. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसायची सोय चालू करून नाव तपासा. चाकाच्या ओळीत व्यास नाही, त्रिज्या द्यायची आहे, म्हणजे ३०.७५ इंच. हे विसरलं तर चाक दुप्पट मोठं होतं आणि ओढ निम्मी.

तरी बदल लागू झाल्याचं दिसत नसेल तर डेस्कटॉपवरची ओपन रेल्सची लॉग फाइल उघडा आणि इंजिनाच्या नावानं शोधा. न समजलेली ओळ कोणती, हे बहुधा तिथे लिहिलेलं असतं.

चाकं घसरत असतील तर

डब्ल्यूजीच्या मोठ्या चाकांच्या चार जोड्या, प्रत्येकीवर सुमारे साडेअठरा टन, मिळून ७४ टन. साडेसतरा टनांच्या ओढीला एवढं वजन म्हणजे कोरड्या रुळांवर पकड पुरते, पण फार शिल्लक राहत नाही. डब्ल्यूपीच्या फाइलवरून घेतलेल्या मॉडेलात हे वजन तीन जोड्यांचं, ५५-५६ टनांचं असतं. सिलिंडर आणि चाक दुरुस्त केलं आणि वजन तसंच ठेवलं, तर आधी न घसरणारं इंजिन दुरुस्तीनंतर घसरू लागतं, आणि माणूस म्हणतो की जुनंच बरं होतं. दोन्ही एकदम बदला.

वजन बरोबर असूनही पावसात किंवा बर्फात घसरत असेल तर ते मॉडेलचं चुकत नाही. ओल्या रुळांवर वाळूशिवाय ७४ टनांनाही साडेसतरा टन पेलत नाहीत. एक्स दाबून वाळू सोडा, आणि घसरायच्या आधी सोडा. घसरलंच तर रेग्युलेटर झटकन कमी करा, पकड आली की सावकाश उघडा. अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडहेजन, म्हणजे खेळातली पकडीची बारकाईनं नक्कल, बंद केलं की घसरणं थांबतं हे खरं, पण मग वाफेचं मालगाडी इंजिन चालवण्यातली निम्मी गंमत गेली. मी ते कधीच बंद करत नाही.

गाडीच जड असेल तर

एक हिशेब स्वतः करा. भरलेली बॉक्स वाघीण सुमारे ८१ टन. अशा १८ वाघिणी, इंजिन आणि त्याचा कोळसा-पाण्याचा डबा, म्हणजे टेंडर, धरून सोळाशे टनांच्या थोडं वर. १५० ला १ या, म्हणजे दीडशे मीटरमागे एक मीटर उंचावणाऱ्या, चढावर नुसत्या चढासाठी अकरा टन ओढ लागते, गाडीच्या घर्षणाला साधारण चार. एकूण पंधरा. डब्ल्यूजीकडे साडेसतरा. म्हणजे जाईल, सावकाश. १०० ला १ असेल तर चढाचे सोळा आणि घर्षणाचे चार, वीस झाले. नाही जाणार, आणि जायलाही नको. तिथे वाघिणी कमी करा किंवा मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावा.

भोर घाटाच्या रूटवर डब्ल्यूजी चालत नाही म्हणून विचारणारे पुष्कळ. तो चढ ३७ ला १ आहे. वरच्या हिशेबातली गाडी तिथे चढवायला पन्नास टनांच्या आसपास ओढ लागेल, म्हणजे तीन डब्ल्यूजी पूर्ण ताकदीनं. शिवाय त्या घाटात १९३० पर्यंत विजेची इंजिनं आली होती आणि डब्ल्यूजी जन्मलं त्यानंतर वीस वर्षांनी. वाफेच्या मालगाडीचं सुख घ्यायचं तर दौंडच्या पुढची किंवा भुसावळच्या पुढची सपाट, मधूनच उंचावणारी वाट निवडा. या दोन्ही गावांत वाफेची शेडं होती आणि ही इंजिनं तिथली रोजची होती.

हिशेबानं जायला हवी आणि तरी जात नाही, असं झालं तर वाघिणी तपासा. सपाटीवर ३० चा वेग घ्या, रेग्युलेटर बंद करा, ब्रेकला हात लावू नका. एवढी जड गाडी पाच-सहा मिनिटं तरी घरंगळत राहायला हवी. मिनिट-दीड मिनिटात थांबली तर एक तर जुन्या वाघिणींच्या फाइलीत घर्षण अवाच्या सवा लिहिलंय, नाहीतर ब्रेक पूर्ण सुटलेले नाहीत. डब्ल्यूजीच्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असायचे. व्हॅक्यूम २१ इंचांवर येईपर्यंत निघू नका. आणि त्यामागे बॉक्सएन वाघिणी जोडू नका. त्या नंतरच्या काळातल्या, हवेच्या ब्रेकच्या. एका गाडीत दोन जातींचे ब्रेक आले की त्यांचं वागणं बेभरवशाचं होतं.

हात बदलायचा तो एवढाच. चढाच्या आधी पाणी भरून घ्या, कारण चढावर बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर चालू ठेवला की गार पाणी आत जाऊन प्रेशर पाडतं. सुटताना रिव्हर्सर, म्हणजे दिशा आणि सिलिंडरात जाणारी वाफ ठरवणारा दांडा, पूर्ण पुढे, वेग आला की चाळीस-पन्नास टक्क्यांवर मागे. चढावर वेग पडू लागला की थोडं थोडं पुढे, एकदम नाही.

सोलापूरच्या पोरानं जाळीच्या आकड्यापुढे एकक लिहिलं, बॉयलर सुपरहीटेड केला आणि त्याच १८ वाघिणी घेऊन १५० ला १ वर गेला. काटा १९५ ते २०५ मध्ये राहिला, वेग चौदावर स्थिर. दुसऱ्या दिवशी त्याचा नवा प्रश्न आला: “काका, आता टेंडरमधलं पाणी आधीपेक्षा लवकर संपतंय.” बरोबरच आहे. आधी वाफच बनत नव्हती, तर पाणी कुठून जाणार? त्याच्या रूटवर मधल्या एका स्टेशनात पाण्याचा नळखांब नव्हता. रूट एडिटरमध्ये तो कुठे उभा करायचा, हे आम्ही आता नकाशावर बघतोय.